मनाली–लेह महामार्ग : जुन्या पडावांच्या चालीने प्रवास कसा करावा

मनालीहून लेहला रस्त्याने जायचे ठरले की बहुतेक जण आधी किलोमीटर मोजतात. माझे सांगणे असे, की आधी मुक्कामाच्या रात्री मोजाव्यात. रोहतांग खिंडीखालच्या अटल बोगद्यातून गेल्यास हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर भरते, आणि सपाटीवर एवढे अंतर एका दिवसात सहज कापले जात असल्यामुळे पहिल्यांदा जाणारा प्रवासी येथेच फसतो. हा रस्ता २,०५० मीटर उंचीवरच्या मनालीतून निघतो, पाच हजार मीटरच्या वर दोनदा चढतो आणि ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उतरतो. मोटार ही उंची एका दिवसात गाठू शकते. शरीराला मात्र पूर्वी खेचरांच्या तांड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला जेवढा वेळ लागत असे, तेवढाच आजही लागतो. म्हणून रस्त्याचा इतिहास आणि प्रवासाचे नियोजन या दोन गोष्टी येथे एकत्रच मांडल्या आहेत. तांडे कोठे थांबत आणि का थांबत, हे समजले की आपण कोठे थांबावे हेही आपोआप समजते.

ही वाट मोटाररस्त्याच्या कितीतरी आधीची आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्यक आणि त्याचा सहकारी जॉर्ज ट्रेबेक १८२० साली कुलूहून रोहतांग खिंड ओलांडून पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरले, तेथून बारालाचा खिंडीने पुढे गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लेहला पोहोचले. आजचा महामार्ग जवळपास त्याच रेषेवरून जातो. १८४६ नंतर कुलू आणि लाहौल इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि काश्मीरमधून न जाता मध्य आशियातील यारकंदशी व्यापार करण्यासाठी ही वाट त्यांना सोयीची वाटू लागली. १८७० साली इंग्रज सरकार आणि काश्मीरचे महाराज रणबीर सिंह यांच्यात करार झाला आणि लाहौलच्या सीमेपासून यारकंदच्या मुलखापर्यंतचा मार्ग व्यापाऱ्यांना जकातीविना खुला करण्यात आला. त्याच्या देखरेखीसाठी दोन्ही बाजूंचे संयुक्त आयुक्त लेहमध्ये नेमले गेले. रेशीम, नमदे (लोकर दाबून केलेल्या सतरंज्या) आणि चरस खाली येत असे, तर चहा आणि कापड वर जात असे. तिबेटकडची लोकर आणि मीठ यांचा वेगळा व्यापार चाले. त्यात मेंढ्यांच्याच पाठीवर छोट्या पिशव्या लादलेल्या असत, आणि लाहौलमधील दारचा गावाच्या पुढे पत्सेओच्या माळावर त्यासाठी उन्हाळी बाजार भरत असे. १९५० च्या सुमारास सीमा बंद झाल्या आणि हा सारा व्यवहार थांबला.

मधल्या काळात या वाटेने लेहचे रक्षणही केले. १९४८ साली लेह वेढ्यात सापडण्याची वेळ आली असताना मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी सिंधूच्या वाळवंटात केलेल्या तात्पुरत्या धावपट्टीवर विमान उतरवले, हे पुष्कळांना माहीत असते. त्याच उन्हाळ्यात गुरखा सैनिकांची कुमक मनालीहून खेचरांसह खिंडी ओलांडत पायी लेहला गेली, हे फारसे सांगितले जात नाही. त्याआधी श्रीनगरच्या बाजूची जोजीला खिंड हिवाळ्यात ओलांडून लेहला गेलेल्या तुकडीचे नेतृत्व करणारे पृथी चंद हेही लाहौलचेच होते. मला याचे महत्त्व वाटते, कारण आपण ज्या वळणावर छायाचित्रासाठी थांबतो, त्या वळणावरून कोणीतरी बंदूक आणि शिधा पाठीवर घेऊन गेलेले आहे.

१९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली, १९६२ च्या युद्धाने सीमेवरील रस्त्यांची निकड दाखवून दिली, आणि पुढच्या काळात खेचरवाटेचा गाडीरस्ता झाला. सामान्य पर्यटकांसाठी तो १९८९ मध्ये उघडला. १९९९ मध्ये द्रास आणि कारगिलजवळ श्रीनगर–लेह रस्ता तोफांच्या माऱ्याखाली आला, तेव्हा या दुसऱ्या रस्त्याचे मोल पुन्हा एकदा पटले. आज हा राष्ट्रीय महामार्ग ३ चा शेवटचा तुकडा आहे. हा महामार्ग अटारीहून निघतो आणि लेहला संपतो.

आता प्रवासाकडे वळू. पहिला प्रश्न हंगामाचा. बर्फ हटवून रस्ता साधारणपणे मेच्या सुमारास उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ पडू लागले की बंद होतो. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे रस्ता उघडल्याची खात्री केल्याखेरीज परतीची तिकिटे काढू नयेत. जून महिन्यात बर्फाच्या भिंती पाहायला मिळतात, पण ओढ्यांना पाणीही सर्वांत जास्त असते. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी यांचा त्रास होतो. माझी निवड सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांची आहे, कारण तेव्हा पाणी ओसरलेले असते, आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते आणि वाहनेही कमी झालेली असतात.

दुसरा प्रश्न दिशेचा, आणि येथे मी आग्रहाने सांगेन : वेळ आणि पैसा परवडत असेल तर श्रीनगर, कारगिल, लेह असे जावे आणि मनालीमार्गे परत यावे. श्रीनगर–कारगिल रस्ता टप्प्याटप्प्याने चढतो आणि मुक्कामाची गावे तुलनेने कमी उंचीवर आहेत. त्यामुळे लेहमध्ये चार-सहा दिवस राहून शरीर सरावले की टांगलांग आणि बारालाचा या खिंडी फारशा जड जात नाहीत. उलट मनालीहून थेट निघणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी चार हजार मीटरच्या वर झोपावे लागते. तरीही पुष्कळांना मनालीहूनच निघावे लागते, म्हणून पुढचे वर्णन त्याच क्रमाने करतो.

उंचीचा नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर दर रात्रीच्या मुक्कामाची उंची आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नये. दिवसा जास्त वर जाऊन आले तर चालते, पण झोपायला खाली यावे. या रस्त्यावर तो नियम अक्षरशः पाळता येत नाही, कारण लाहौलमधील जिस्पा आणि दारचा यांच्यानंतर पार लडाखमधील रुमत्सेपर्यंत गावेच नाहीत. म्हणून जेथे पाळता येतो तेथे, म्हणजे लाहौलमध्ये, तो काटेकोरपणे पाळावा आणि तेथे किमान दोन रात्री काढाव्यात. अटल बोगद्याने ही गरज वाढवली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी उघडलेल्या या ९.०२ किलोमीटर लांबीच्या बोगद्याने ४६ किलोमीटर वाचवले आणि लाहौलच्या लोकांची हिवाळ्यातील कोंडी फोडली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण पूर्वी रोहतांग चढून उतरण्यात जो अर्धा दिवस जात असे, तो आता जात नाही आणि माणूस न्याहारी पचायच्या आत तीन हजार मीटरवर पोहोचतो.

तयारीत इंधन पहिले. चंद्रा आणि भागा यांच्या संगमावर तांदी येथे जो पेट्रोलपंप आहे, त्याच्याजवळची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशा अर्थाची पाटी प्रसिद्ध आहे. तेथे टाकी काठोकाठ भरावी आणि दुचाकी असेल तर पाच ते दहा लिटरचा डबा घट्ट बांधून न्यावा, कारण चढावर आणि विरळ हवेत गाडी नेहमीपेक्षा जास्त पिते. दारचानंतर लेहच्या अलीकडच्या उपशीपर्यंत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला संपर्क नसतो, आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिमवर भिस्त ठेवू नये. घरच्यांना 'दोन दिवस फोन लागणार नाही' असे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे उगाच काळजी वाढत नाही. रोख पैसे लाहौलमधील केलाँग गावाच्या आधीच काढून ठेवावेत. मनालीत भाड्याने घेतलेल्या दुचाकीला लेहच्या आसपासच्या स्थळदर्शनासाठी स्थानिक व्यावसायिकांचा विरोध असतो, ही गोष्ट भाड्याचा करार करण्यापूर्वी नीट विचारून घ्यावी.

बोगद्यातून जाण्यास वेगळा परवाना लागत नाही, रोहतांगवरून जायचे असेल तर मात्र तो काढावा लागतो. परवाना मिळत असेल तर एकदा तरी ३,९७८ मीटरच्या रोहतांगवरून जावे, असे मला मनापासून वाटते. खिंडीच्या अलीकडे देवदार, धबधबे आणि ढग दिसतात, पलीकडे उघडे डोंगर आणि कोरडा वारा असतो. घाटमाथ्यावरून देशाकडे उतरताना पाऊस कसा मागे राहतो ते ज्याने पाहिले आहे, त्याला हा बदल ताबडतोब ओळखू येईल. फक्त येथे तो चार मैलांत आणि दसपट तीव्रतेने घडतो. बोगद्यातून जाणाऱ्याला हा बदल दिव्यांच्या रांगेनंतर एकदम समोर येतो.

पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पा येथे करावा. वाटेत सिस्सू लागते, मग गोंधळा येथील लाकूड आणि दगड यांच्या थरांनी उभारलेला जुना मनोरा दिसतो, आणि मग तांदी येते. मराठी माणसाने तांदीला गाडी थांबवून खाली उतरून संगम पाहावा. बारालाचा खिंडीच्या दोन बाजूंना उगम पावलेल्या चंद्रा आणि भागा या नद्या वेगवेगळ्या दऱ्यांतून वळसे घेत येथे भेटतात, आणि पुढे त्यांचे नाव चंद्रभागा होते. तीच पुढे जम्मूत चिनाब म्हणून ओळखली जाते. पंढरपूरच्या भीमेला चंद्रभागा म्हणतात ते तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे. येथले नाव मात्र दोन नद्यांच्या नावांचा जोड आहे. चंद्रेचे राखाडी पाणी आणि भागेचे थोडे वेगळ्या रंगाचे पाणी काही अंतर शेजारीशेजारी वाहत राहते.

दुसरा दिवस पुढे जाण्यात घालवू नये. केलाँगसमोर नदीपलीकडे कारदांग गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. तेथपर्यंत सावकाश जाऊन परत खाली यावे, म्हणजे वर चढून खाली झोपण्याचा नियम आपोआप पाळला जातो. केलाँगला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनऱ्यांचे ठाणे होते. तेथे त्यांनी शिळाछापाचा छापखाना चालवला, आणि हाइन्रिश येश्के यांनी तिबेटी भाषेच्या कोशाचे मोठे काम येथेच राहून केले. लाहौली बायका विणतात ते रंगीत लोकरी मोजे ही कला याच मिशनमधून रुजली असे सांगतात. ते मोजे विकत घ्यावेत, पुढच्या रात्री ते खरोखर उपयोगी पडतात. या दिवशी मद्य टाळावे आणि पाणी भरपूर प्यावे. ॲसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची असेल तर घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घेतलेला असावा, खिंडीत ऐकीव माहितीवर नव्हे.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघावे, आणि येथे 'पहाटे' हा शब्द अगदी शब्दशः घ्यावा. कारण ओढे. दारचाच्या पुढे रस्त्यावर आडवे येणारे कित्येक ओढे बर्फ वितळून आलेल्या पाण्याचे असतात. रात्री थंडीने वितळणे थांबते आणि सकाळी पाणी घोट्याइतके असते. दुपारी ऊन चढले की तेच पाणी गुडघ्यापर्यंत येते. झिंगझिंगबारच्या वरचा एक ओढा मी एकदा सकाळी सातला मोजेही न भिजवता ओलांडला होता. परतीच्या प्रवासात दुपारी तीनच्या पुढे तोच ओढा चहाच्या रंगाचा होऊन फुगला होता, आणि तळाचे गोटे एकमेकांवर आदळल्याचा घुमणारा आवाज काठावर उभे असताना ऐकू येत होता. दुचाकी ओढ्यात घालायची असेल तर आधी पायी जाऊन तळ पाहावा, पहिल्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवावा, मध्येच क्लच दाबू नये, आणि पुढचा माणूस पूर्ण बाहेर पडल्याशिवाय आपण उतरू नये. पाण्याचा आवाज बदललेला वाटला तर सरळ मागे फिरून रात्र काढावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ओढा शहाणा झालेला असतो.

पत्सेओच्या माळावर आज तंबू आणि लष्कराची वाहने दिसतात. मिठाच्या पिशव्या पाठीवर घेतलेल्या मेंढ्यांचे कळप येथेच येत असत. त्यानंतर सूरज ताल आणि लगेच ४,८९० मीटरची बारालाचा खिंड. या एका माथ्यावरून चंद्रा, भागा आणि उत्तरेकडे जाणारी युनाम अशा तीन दिशांना नद्या निघतात, आणि लाहौल, स्पिती, झांस्कर व लडाखकडच्या जुन्या वाटाही येथेच एकत्र येतात. खिंडीवर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. छायाचित्र काढावे, पाणी प्यावे आणि उतरू लागावे.

आता या प्रवासातला सर्वांत अवघड निर्णय : तिसरी रात्र कोठे काढायची? बहुतेक जण ४,२९० मीटरवरच्या सरचूच्या तंबूंत थांबतात. सरचूचा दोष केवळ उंचीचा नाही. मागे बारालाचा आहे आणि पुढे नकी ला व लाचुलुंग ला (ला म्हणजे खिंड) आहेत, त्यामुळे रात्री कोणाची प्रकृती बिघडली तर खाली जाण्यासाठी आधी वर चढावे लागते. या खिंडींपलीकडच्या पांग या मुक्कामालाही हाच अडथळा आहे आणि ते सरचूपेक्षाही उंच आहे, तरी तेथे लष्कराचा तळ असल्यामुळे प्राथमिक वैद्यकीय मदतीचा आधार मिळतो. म्हणून ज्यांची लाहौलमधील दोन रात्रींनंतर तब्येत उत्तम आहे आणि गाडी चालवायला दोघे आहेत, त्यांनी जिस्पाहून पहाटे चारला निघून टांगलांग ला ओलांडून रुमत्से गावी मुक्काम करावा, असे माझे मत आहे. रुमत्सेही उंचच आहे, पण तेथून लेहपर्यंत रस्ता उतरताच जातो. एवढा लांब दिवस झेपणार नसेल तर सरचूला थांबावे, पण दुपारपर्यंत पोहोचून तंबूत न पडता हळूहळू चालत राहावे. डोके दुखणे, भूक मरणे आणि झोप न लागणे ही लक्षणे पुष्कळांना होतात आणि विश्रांतीने ओसरतात. मात्र चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला उतरवावे. प्रवास सोडून द्यावा लागला तरी चालेल.

सरचूनंतर त्सारप नदी सोडताना गाटा लूप्स लागतात. एकवीस वळणांत रस्ता डोंगराच्या अंगावर चढत जातो. एका वळणावर पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बर्फात अडकून तहानेने गेलेल्या एका ट्रकच्या क्लीनरची आख्यायिका ट्रकचालक सांगतात, आणि त्याच्यासाठी म्हणून लोक पाणी ठेवून जातात. भावना मी समजू शकतो, पण ती बाटली पुढच्या वळणावर डांबराच्या पिंपाशेजारी काम करणाऱ्या मजुराच्या हातात द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. झारखंड, बिहार आणि नेपाळहून आलेली ही माणसे तोंडाला फडके बांधून दिवसभर धुरात आणि धुळीत उभी असतात. त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करावा, म्हणजे निदान आपल्या चाकांची धूळ त्यांच्या अंगावर जात नाही.

नकी ला आणि सुमारे ५,०६० मीटरचा लाचुलुंग ला ओलांडून पांग येथे उतरल्यावर एक छोटा चढ चढला की मोरे मैदान सुरू होते. सुमारे चाळीस किलोमीटरची ही सपाटी ४,७०० मीटरच्या आसपास आहे. रस्ता सरळ असल्यामुळे येथे वेग वाढवण्याचा मोह होतो, पण थकलेले डोळे आणि आडवा वारा यांचा विचार करून तो आवरावा. चांगपा पशुपालकांचे कळप दिसतात, ज्यांच्या शेळ्यांपासून पश्मिना मिळते. देबरिंगजवळून त्सो कार या खाऱ्या सरोवराकडे फाटा जातो. जुन्या काळी चांगपा तेथून मीठ गोळा करीत, आणि पत्सेओला पाहिलेला माळ व हे सरोवर असे एकमेकांना जोडले जातात.

५,३२८ मीटरचा टांगलांग ला ही शेवटची आणि सर्वांत उंच खिंड. तेथून खाली रुमत्से, मग ग्या येते, जेथे मूरक्रॉफ्टच्या तुकडीने लडाखचे पहिले गाव पाहिले. दोन दिवस उघड्या दगडांत काढल्यानंतर सातूचे हिरवे तुकडे आणि पांढरे चोर्तेन (बौद्ध स्तूप) दिसतात, तेव्हा तांड्यातल्या माणसाला काय वाटत असेल याचा अंदाज येतो. जांभळ्या आणि हिरव्या खडकांच्या अरुंद दरीतून रस्ता उपशीला सिंधूपाशी पोहोचतो, आणि तेथून कारू, ठिकसे, शे अशी गावे घेत सुमारे पन्नास किलोमीटरवर लेह येते. कारूला पेट्रोल मिळते.

लेहला पोहोचल्यावर पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचा ठेवावा, खारदुंग ला वगैरे दुसऱ्या दिवसावर ढकलावे. संध्याकाळी अंगात त्राण असेल तर जुन्या बाजाराजवळच्या त्सास सोमा या जागेपर्यंत चालत जावे. यारकंदहून आणि लाहौलहून आलेले तांडे येथे ओझी उतरवत असत, आणि आता तेथे मध्य आशियाई संग्रहालय उभे आहे.